एका कबरीच्या दोन शिला

आग्र्याच्या किल्ल्यात गेलेल्या प्रवाशाला तेथील वाटाडे जुनी, नक्षीदार लाकडी दारे हटकून दाखवितात. 1842 साली इंग्रज फौजेने ती गझनीहून उचलून आणली. सोमनाथाच्या मंदिराची महमुदाने नेलेली दारे आपण परत आणून हिंदूंच्या अपमानाचे परिमार्जन केले, अशी द्वाही तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याने हिंदुस्थानभर फिरविली होती. पुढे ती दारे सोमनाथाची नव्हेतच असे निष्पन्न झाले, लंडनच्या पार्लमेंटात एलनबरोची यथेच्छ टवाळी झाली आणि दारे आग्र्यातच पडून राहिली. मराठी वाचकाला हा एलनबरो आणखी एका कारणाने ठाऊक असतो. जनकोजीराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर ग्वाल्हेरच्या दरबारात दुही माजली. त्या दुहीत हात घालून, 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा मोड करविणारा तो हाच. महाराजपूरच्या रणावर तो जातीने हजर होता.

हिंदुस्थानच्या इतिहासात अशा रीतीने जागोजाग भेटणाऱ्या या माणसाच्या पत्नीचे नाव मात्र त्या इतिहासात येत नाही. याचे कारण साधे आहे. तो कलकत्त्यास आला तेव्हा त्याला पत्नी नव्हती. बारा वर्षांपूर्वी ब्रिटिश पार्लमेंटाने खास कायदा करून दोघांना विभक्त केले होते. ती त्यानंतर एकावन्न वर्षे जगली, आणखी तीन वेळा विवाहबद्ध झाली आणि सीरियात, दमास्कस शहरी, 11 ऑगस्ट 1881 रोजी वारली. तिथल्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत तिची कबर आहे. युरोपातील वृत्तपत्रे तिला अखेरपर्यंत लेडी एलनबरो म्हणत राहिली. पण त्या नावाने ही कबर शोधू जाणाऱ्याला ती सापडावयाची नाही, कारण तिथल्या दगडावर ते नाव कोरलेलेच नाही. कोणते नाव कोरले आहे आणि कोणते वगळले आहे, यातच त्या बाईच्या आयुष्याची हकीकत सामावलेली आहे.

जेन एलिझाबेथ डिग्बी हिचा जन्म 3 एप्रिल 1807 रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात झाला. वडील हेन्री डिग्बी हे आरमारी अधिकारी. 1799 मध्ये स्पेनचे खजिन्याचे जहाज पकडण्यात त्यांचा वाटा होता आणि त्या लुटीतील हिश्शाने ते गर्भश्रीमंतांच्या पंक्तीला जाऊन बसले. 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईत चौसष्ट तोफांच्या ‘आफ्रिका’ या लहानशा जहाजानिशी त्यांनी स्पेनच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेशी टक्कर दिली. आईचे वडील म्हणजे नॉरफोकचे थॉमस कोक. इंग्लंडच्या शेतीसुधारणेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. घराणे दोन्ही बाजूंनी तालेवार होते. मुलगी देखणी, हुशार, भाषांत आणि चित्रकलेत गती असलेली आणि घोड्यावर मांड पक्की असलेली. अशा मुलीचे त्या काळी जे होई तेच तिचे झाले. सतराव्या वर्षी, 1824 मध्ये, तिचे लग्न लावून देण्यात आले.

वर चौतीस वर्षांचा, विधुर, महत्त्वाकांक्षी राजकारणी. हेस्टिंग्जवरील महाभियोगात हेस्टिंग्जची वकिली करून नाव कमावणारे आणि पुढे इंग्लंडचे सरन्यायाधीश झालेले पहिले लॉर्ड एलनबरो हे त्याचे वडील. म्हणजे हिंदुस्थानच्या कारभाराशी या घराण्याचा संबंध बापापासूनचा. मुलगा 1828 मध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला. कंपनी सरकारच्या कारभारावर देखरेख करणारे हे लंडनमधील मंत्रिपद. या काळातील आपली राजकीय रोजनिशी त्याने नेमाने लिहिली आहे. ती त्याच्या पश्चात दोन खंडांत प्रसिद्ध झाली आणि, योगायोग पाहा, 1881 सालीच प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातून येणारे खलिते, रशियाची भीती, मंत्रिमंडळातील कुरघोड्या यांत हा माणूस आकंठ बुडालेला दिसतो. ज्या दिवसांची ही रोजनिशी आहे त्याच दिवसांत त्याचे घर मोडत होते.

तरुण पत्नी एकटी पडली. पतीच्या बाहेरख्यालीपणाची कुजबुज तिच्याही कानावर येत होती. तिचा पहिला स्नेह जडला तो मामेमावस नात्यातल्या जॉर्ज अ‍ॅन्सन या लष्करी अधिकाऱ्याशी. हे नावही आपल्या परिचयाचे आहे. 1857 चा उठाव झाला तेव्हा हिंदुस्थानातील इंग्रज फौजांचा सरसेनापती हाच अ‍ॅन्सन होता आणि दिल्लीवर चालून जाताना कर्नाळ मुक्कामी पटकीने तो मेला. पुढे 1828 मध्ये ऑस्ट्रियाच्या वकिलातीतील प्रिन्स फेलिक्स श्वार्झेनबर्ग याच्याशी तिची ओळख झाली. या ओळखीने मात्र सारे मर्यादांचे बांध फोडले. तिने काहीही लपविले नाही. त्या समाजाच्या दृष्टीने तिचा खरा अपराध कदाचित हाच असावा. चोरून केलेल्या गोष्टींकडे डोळेझाक करण्याची त्या वर्गाची रीत होती, उघड केलेल्या गोष्टींना मात्र क्षमा नव्हती. 1829 मध्ये ती दिवस गेलेल्या अवस्थेत इंग्लंडबाहेर पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तिला श्वार्झेनबर्गपासून मुलगी झाली.

पार्लमेंटाचा घटस्फोट

त्या काळच्या इंग्लंडात घटस्फोट न्यायालयात मिळत नसे. धर्मपीठाकडून विभक्त राहण्याची मुभा मिळवावयाची, मग पार्लमेंटापुढे त्या एका जोडप्यापुरते विधेयक आणावयाचे आणि ते दोन्ही सभागृहांतून संमत करून घ्यावयाचे, असा तो द्राविडी प्राणायाम असे. ज्याच्या गाठीला रग्गड पैसा असेल त्यालाच हे साधे. 1857 चा नवा कायदा होईपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांत असे जेमतेम सव्वातीनशे घटस्फोट झाले आणि त्यांतले स्त्रीच्या मागणीवरून झालेले केवळ चार. पत्नीचा व्यभिचार हे पतीला पुरेसे कारण होते. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला आणखी काही घोर अत्याचार सिद्ध करावा लागे. हा भेद 1857 च्या कायद्यानेही राखला आणि तो जाण्यास 1923 साल उजाडावे लागले.

1830 च्या वसंतात एलनबरोचे विधेयक सभागृहापुढे आले. नोकरचाकर, ब्रायटनच्या हॉटेलातील चाकर यांच्या साक्षी झाल्या. खोलीच्या दारापाशी कोणी काय ऐकले याची चर्चा देशाच्या सर्वोच्च सभागृहात झाली आणि वृत्तपत्रांनी ती मिटक्या मारीत छापली. काही सभासदांनी मात्र विचारलेच, की वीस वर्षांच्या पत्नीला वाऱ्यावर सोडणाऱ्या पतीला सुटका देण्याची घाई सभागृहाने का करावी? विधेयक अर्थातच संमत झाले. दोघांचा एकुलता मुलगा त्याच वर्षी, दोन वर्षांचा होऊन, वारला होता. पुढे एलनबरो अर्ल झाला. त्याने पुन्हा लग्न केले नाही, त्याला औरस वारस राहिला नाही आणि 1871 मध्ये तो गेला तेव्हा त्याची अर्लची पदवीही त्याच्याबरोबर संपली. ग्लॉस्टरशायरमधील एका खेड्याच्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले.

घटस्फोटानंतरची वीस-बावीस वर्षे ही चरित्रकारांची आवडती वर्षे. ती येथे झटपट ओलांडून जाणेच बरे, कारण या वर्षांत नावे पुष्कळ येतात आणि माणूस हरवतो. श्वार्झेनबर्गने तिच्याशी लग्न केले नाही. 1848 नंतर ऑस्ट्रियाचा पंतप्रधान होऊन क्रांती चिरडणारा पुरुष म्हणून तो इतिहासात अजरामर झाला, त्याच्यावर कसलेही विधेयक आले नाही. म्युनिकमध्ये बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने आपल्या सौंदर्यदालनासाठी तिचे चित्र काढवून घेतले. श्टीलरने 1831 मध्ये काढलेले ते चित्र म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यात आहे. 1833 मध्ये तिने जर्मन सरदार व्हेनिंगेन याच्याशी विवाह केला. तो तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, सज्जन गृहस्थ होता आणि त्याच्याशी ती जशी वागली त्याचे समर्थन करणे कठीण आहे. थिओतोकी नावाच्या ग्रीक सरदारासाठी तिने त्याला सोडले. दोघा पुरुषांत द्वंद्वयुद्ध झाले, थिओतोकी जखमी झाला आणि व्हेनिंगेननेच अखेर मोठ्या मनाने तिला मोकळे केले. त्याच्याकडे राहिलेल्या दोन मुलांना आई मिळाली नाही. श्वार्झेनबर्गची मुलगी त्याच्या बहिणीने वाढविली. 1841 मध्ये थिओतोकीशी झालेल्या विवाहातला मुलगा लिओनिदास हाच एक तिच्याजवळ वाढला आणि तिचा खरा जीव जडला तो त्याच्यावरच. तो सहा वर्षांचा असताना, 1846 मध्ये, इटलीतील बान्यी दि लुक्का येथे घरातच उंचावरून पडून आईच्या देखत मरण पावला. त्याबरोबर तो संसारही संपला. तिला स्वच्छंदी ठरविणारे आणि तिला बंडखोर नायिका करणारे, दोघेही या मुलांच्या प्रकरणापाशी आले की पान उलटतात. ते उलटू नये. समाजाने तिच्यावर अन्याय केला हे खरे आणि तिच्या मुलांवर तिने अन्याय केला हेही खरे.

अथेन्समध्ये हाजीपेत्रोस नावाच्या एका वयोवृद्ध डोंगरी सेनानीबरोबर तिने काही काळ काढला. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात नाव मिळविलेला हा गडी. तिच्याच दासीच्या मागे लागलेला तो तिला आढळला, तेव्हा तिने सामानसुमान बांधले आणि 1853 मध्ये घोडे खरेदी करण्याच्या निमित्ताने सीरियाची वाट धरली. तेव्हा तिचे वय होते सेहेचाळीस.

वाळवंटातील संसार

दमास्कसहून पामिराचे भग्नावशेष पाहावयास जावयाचे तर वाळवंटातील टोळ्यांचा पहारा विकत घ्यावा लागे. तो वाटपहारा अनझा टोळीसमूहातील मेझराब या घराण्याच्या हाती होता. जेनच्या प्रवासाचा सौदा ज्याच्याशी ठरला तो शेख मेजुएल अल मेझराब या घराण्यातला. वयाने तिच्याहून बराच लहान, अंगापिंडाने किरकोळ, लिहिता-वाचता येणारा, पामिराच्या इतिहासाची माहिती असलेला आणि बोलण्याचालण्यात अदबशीर. पुढे दोन-एक वर्षांत मुसलमानी रिवाजाप्रमाणे दोघांचा निका झाला. इंग्रज वकिलाने तिला परावृत्त करण्याचा आटोकाट प्रयत्न केला. एका अ‍ॅडमिरलच्या मुलीने अरबाशी लग्न करावे हे त्याला वेडाचेच लक्षण वाटले. तिने एवढीच अट घातली होती की तो एकपत्नीव्रताने राहील. मेजुएलने आधीच्या पत्नीला माघारी धाडले. त्या बाईचे काय झाले हे कोणत्याही चरित्रकाराने विचारलेले नाही, याची नोंद करून पुढे जावे हे बरे.

हा विवाह सुमारे पंचवीस वर्षे टिकला. तिच्या आधीच्या तिन्ही विवाहांतील सहवासाची वर्षे एकत्र केली तरी ती त्याहून कमीच भरतात. वर्षाचा निम्मा काळ दमास्कसच्या तटाबाहेरील घरात आणि निम्मा वाळवंटातील काळ्या तंबूंत, असा त्यांनी क्रम ठेवला होता. शहरातील घरात युरोपीय धाटणीची बैठक, पुस्तके, इंग्लंडहून बिया मागवून केलेली बाग आणि पाळीव जनावरांचा मोठा गोतावळा. वाळवंटात निळा झगा, पाठीवर दोन लांब वेण्या, डोळ्यांत काजळ आणि अनवाणी पाय. उंटिणीचे दूध काढणे, पतीचे हातपाय धुणे, तो जेवत असता उभे राहून वाढणे हे सारे ती करी. लंडनच्या लोकांना ऐकून धक्का बसे तो याच गोष्टींचा. आपल्याकडच्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही, उलट एक प्रश्न पडेल. पतीच्या सेवेचा हा आचार तिच्या जन्मजात समाजाने तिच्याकडून मागितला नव्हता आणि मागितला असता तर तिने तो झुगारला असता. तो तिने येथे आपण होऊन पत्करला. पण पत्करताना घोडे तिचे, पैसा तिचा आणि घरही तिचे होते. इंग्लंडमधून तिला वर्षासन मिळत असे आणि टोळीच्या अडचणीत तेच पुष्कळदा कामी येई. स्वतःच्या पायांवर उभी असलेली स्त्री सेवा करते तेव्हा त्या सेवेचा अर्थ वेगळा होतो हे समजून घेतले, म्हणजे या संसाराची गंमत कळते.

अर्थात तो अखंड मधुचंद्र नव्हता. वाळवंटातील वर्षांच्या तिच्या रोजनिशा डॉर्सेटमध्ये डिग्बी घराण्याच्या संग्रही राहिल्या. मेरी लव्हेल या चरित्रकर्तीने त्यांचा उपयोग करून 1995 मध्ये जेनचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे तिची बाजू जगापुढे आली. तीत मत्सर आहे, संशय आहे, त्याच्या लांबलेल्या गैरहजेरीतील तळमळ आहे, वार्धक्याची धास्ती आहे. साठीची बाई आणि चाळिशीचा शेख यांच्या संसारात जे असावयाचे ते सर्व आहे. बाल्झाकने तिच्यावरून कादंबरीतले पात्र बेतले होते असे म्हणतात. ती रोजनिशीतली बाई त्या पात्राहून पुष्कळ अधिक ओळखीची वाटते.

1856 च्या अखेरीस ती आईला व भावांना भेटावयास इंग्लंडला गेली. धाकटा भाऊ केनेलम धर्मोपदेशक. घरच्यांनी प्रेमाने आगतस्वागत केले, पण वाळवंटातील जावयाचा विषय निघू नये अशी सर्वांचीच इच्छा होती. काही महिन्यांतच, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती परतली आणि त्यानंतर तिने इंग्लंडचे तोंड पाहिले नाही.

1860 च्या जुलैत दमास्कसमध्ये ख्रिस्त्यांची कत्तल झाली. ख्रिस्ती वस्ती जाळण्यात आली, हजारो माणसे मारली गेली. अल्जेरियातून हद्दपार होऊन तेथे राहिलेला अमीर अब्द अल-कादिर याने आपल्या माणसांकरवी असंख्य ख्रिस्त्यांना वाचविले, ही त्या काळरात्रीतली उजेडाची एकच रेघ. जेनचे घर मुसलमान वस्तीत होते आणि त्याभोवती मेझराबांचा पहारा होता. शहर सोडण्यास तिने नकार दिला. जखमींना व निराधारांना मदत करीत ती तेथेच राहिली. मुसलमान शेखाची पत्नी असूनही तिने स्वतःचा धर्म सोडला नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मेजुएलनेही तशी मागणी केली नाही. उतारवयात ती दमास्कसमधील प्रॉटेस्टंट मिशनच्या प्रार्थनेला नेमाने जाऊ लागली. तिची कबर प्रॉटेस्टंट दफनभूमीत का आहे, याचे उत्तर यात आहे.

हयातीतला मृत्युलेख

रिचर्ड बर्टन हा 1869 ते 1871 या काळात दमास्कसला ब्रिटिश वकील होता. मुंबई फौजेतून नोकरीला सुरुवात करणारा, बडोदे आणि सिंध पाहिलेला, गोव्यावर पुस्तक लिहिणारा हाच तो बर्टन. त्याची पत्नी इसाबेल आणि जेन यांचा चांगला घरोबा जमला. अनेक भाषा सहज बोलणाऱ्या या साठी उलटलेल्या बाईच्या रूपाचे आणि विद्वत्तेचे इसाबेलने तोंड भरून वर्णन केले आहे; मेजुएलच्या काळ्या वर्णाबद्दलची आपली शिसारीही तिने लपविलेली नाही.

1873 मध्ये जेन मरण पावल्याची हूल युरोपात उठली आणि वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. लेडी एलनबरोचे असंख्य नवरे मोजून दाखविण्यात आले, शेखाला उंटवाला करण्यात आले. दमास्कसला धडधाकट असलेल्या जेनने हे लेख स्वतः वाचले. इसाबेलने लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून मैत्रिणीची बाजू मांडली आणि जेनने स्वतः आपल्याला आत्मचरित्र सांगितले आहे असा दावा केला. जेनने त्याचाही इन्कार केला. आपल्या आयुष्याची हकीकत कोणी सांगावी हा हक्क शत्रूला नाही तसा मित्रालाही नाही, असेच जणू तिने ठरविले होते. 1830 मध्ये पार्लमेंटाने तिला एलनबरोपासून तोडले, पण ते नाव चव्वेचाळिसाव्या वर्षीही वृत्तपत्रे तिच्या गळ्यात अडकवीत होती. ती स्वतः आपले नाव जेन डिग्बी अल मेझराब असे लिही. माहेर आणि शेवटचे सासर, मधले सारे गाळून.

बायरनची नात लेडी अ‍ॅन ब्लंट 1878 मध्ये पतीसह दमास्कसला आली. अरबी घोड्यांच्या शोधात आलेल्या या दांपत्याला घोड्यांचे आणि टोळ्यांचे खरे ज्ञान असलेली माणसे हवी होती. ती त्यांना जेन व मेजुएल यांच्या घरी भेटली. अ‍ॅनच्या संसारातही पुढे वितुष्ट आले, ती पतीपासून वेगळी झाली आणि 1917 मध्ये कैरोला वारली. तिलाही तेथेच मूठमाती मिळाली. इंग्लंडच्या सरदार घराण्यांतील दुःखी विवाहांच्या अशा खुणा पूर्वेच्या मातीत एकदोनच नाहीत.

1881 च्या उन्हाळ्यात दमास्कसमध्ये रोगराई होती. तापाने आणि हगवणीने जेन चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. तिच्या अंत्ययात्रेची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. मेजुएलला युरोपीय पद्धतीने बंद घोडागाडीत बसविले होते. उघड्या आभाळाखाली वाढलेल्या माणसाला ती कोंडी सोसेना. मध्येच दार उघडून तो उडी टाकून पळाला. सारे थक्क झाले. पण शवपेटी खाली सोडली जात असता तो जेनच्या आवडत्या काळ्या घोडीवर बसून भरधाव आला आणि कबरीच्या काठाशी निश्चल उभा राहिला. कथा इतकी नाट्यपूर्ण आहे की ऐकणाऱ्याने जरा सावध असावे. दगड मात्र कथा नाही.

या दफनभूमीत एका अर्थाने ती एकटी नाही. इंग्लंडच्या संस्कृतीचा इतिहास लिहिणारा हेन्री टॉमस बकल हा 1862 मध्ये प्रवासात दमास्कसला मरण पावला. त्याची कबर याच शहरी आहे. पण बकल प्रवासी होता, परतावयास निघालेला होता. जेनला परतावयाचे नव्हते. तिच्या उशाशी असलेल्या इंग्रजी लेखात तिची ओळख अ‍ॅडमिरल सर हेन्री डिग्बी यांची कन्या अशी दिलेली आहे, सोबत जन्माची व मृत्यूची तारीख. एलनबरो नाही, व्हेनिंगेन नाही, थिओतोकी नाही. इंग्लंडमधील आप्तांना हे लिहिणे सोयीचे होते हे उघड आहे. चार नवऱ्यांपैकी एकाचे नाव घालावे तर बाकीचे तीन डोके वर काढणार. माहेरच्या नावाला असा धोका नसतो. आपल्याकडे परत आलेल्या मुलीची ओळख गावात याच रीतीने सांगतात.

पायथ्याशी दुसरी शिला आहे. ती गुलाबी छटेच्या चुनखडीची आहे आणि पामिराची आहे. मेजुएलने तिच्यावर अरबी लिपीत तिचे नाव कोळशाने स्वतःच्या हाताने लिहिले आणि गवंड्याने त्या अक्षरांवरून छिन्नी फिरविली. धर्माने त्याला तिच्या शेजारी जागा मिळणार नव्हती. मुसलमान शेखाला प्रॉटेस्टंट दफनभूमीत स्थान नाही आणि तिला वाळवंटात नेऊन पुरणे तिच्या श्रद्धेला धरून झाले नसते. जिवंतपणी दोघांनी आपापला धर्म सांभाळून एक घर केले, मृत्यूनंतर तसे करण्याची सोय दोन्ही धर्मांत नव्हती. तेव्हा त्याने आपल्या ऐवजी दगड पाठविला. ज्या पामिराच्या वाटेवर 1853 मध्ये त्यांची गाठ पडली होती तेथला.

दमास्कसचे घर पुढे विकले गेले आणि मेजुएल आपल्या टोळीत निघून गेला. पामिराच्या ज्या देवळांखातर युरोपीय प्रवासी मेझराबांना वाटपहाऱ्याचे पैसे मोजत, त्यांपैकी बेल आणि बालशमिन यांची देवळे 2015 मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी सुरुंग लावून उडवून दिली आणि त्या वर्षीच विजयकमानही पाडली. त्या नगरीच्या दगडाचा एक तुकडा 1881 नंतर दमास्कसमध्ये, एका इंग्रज अ‍ॅडमिरलच्या मुलीच्या पायाशी आला तो असा.